सतरा नंबरचा उंदीर

"गाठ नाहीच," मुरली सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढता म्हणाला. "कधी नव्हतीच."

संयुक्ताने स्वतः पाहिलं. सतरा नंबरच्या उंदराचा मज्जारज्जू निरोगी होता. उंदरांच्या मज्जारज्जूत कर्करोगाच्या पेशी टोचायच्या, गाठ धरायला लागणारे दिवस गेले की औषधाचं जेल थेट त्या जागेवर ठेवायचं आणि मागचे पाय किती दिवस चालतात ते बघायचं, असा त्यांचा प्रयोग. शिरेतून दिलेलं औषध तिथवर नीट पोचत नाही, म्हणून ही खटपट. बाकी सगळ्यांचे पाय गेले. औषध मिळालेल्यांचे जरा उशिरा गेले, एवढंच. त्या औषधवाल्यांतलाच सतरा नंबर मात्र शेवटपर्यंत पिंजऱ्यात तुरुतुरु फिरत राहिला. प्रयोग संपला तेव्हा नियमाप्रमाणे इतरांबरोबर त्यालाही मारावं लागलं.

"सुई भरकन काढली असणार. पेशी तिच्याबरोबरच बाहेर आल्या," मुरली म्हणाला. "होतं असं."

सुई संयुक्ताच्याच हातची होती. टोचल्यावर सुई आत ठेवून थांबा, मग सावकाश काढा, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना शिकवणारीही तीच. पण त्या दिवशी तिच्या भावाचा एमआरआय होता आणि तिला निघायची घाई होती. पुढे एक उंदीर चालतोय म्हटल्यावर हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे. अड्यारच्या प्रयोगशाळेतली ती बातमी तिने आवडी या उपनगरातल्या, भावाच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये घरी नेली. नेताना तिला केवढा आनंद झाला होता.

थोरला भाऊ वेंकट तिथल्याच कारखान्यात सुटे भाग तपासायचा. आता त्याच्या मज्जारज्जूत गाठ होती. डॉक्टरांनी पाठ उघडली आणि काढता येत नाही म्हणून पुन्हा शिवली. कमरेखालचं त्याला काही कळत नव्हतं. संयुक्ता दारात आली की तो पहिलं उंदराचं विचारायचा. तो उंदराला 'पाहुणे' म्हणायचा. ती सांगायची आणि तो डोळे मिटून ऐकायचा. बुडत्याला काडीचा आधार असतो. तिच्याजवळ त्याला द्यायला दुसरं होतंच काय?

आज घरी येताना वाटभर तिने ठरवलं, सांगायचं नाही.

वेंकट आजारी पडल्यापासून घरातली जेवणं त्याच्या खाटेशीच होत. अम्माने संयुक्ताचं ताट वाढलं.

"पाहुणे चालतायत का?" वेंकटने विचारलं.

"चालतायत, अण्णा."

अम्मा ताक आणायला आत गेली. ती गेलेली पाहून वेंकट हलक्या आवाजात म्हणाला,

"त्याला गाठच नसेल, संयू."

तिचा घास हातातच राहिला.

"आमच्या कारखान्यात एवढ्या भागांतला एकच निराळा निघाला, तर कुणी त्याचं कौतुक करत नाही. आधी आपलं काही चुकलं का ते बघतात. परवाइल्ले, असू दे. तू रडू नको, अम्मा येईल."

"कधीपासून ठाऊक होतं तुला?"

"तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हाच वाटलं. बाकीच्या उंदरांचं तू कधी बोललीच नाहीस."

"मग रोज विचारायचास कशाला?"

वेंकटने तिच्या ताटाकडे पाहिलं.

"माझे पाय गेले तसं तू जेवणं टाकलंस. उंदीर चालतोय म्हणून सांगायला लागलीस, तेव्हापासून जेवायला लागलीस."