झिजलेल्या नळीचं वर्तुळ

दुर्बिणीतल्या लाल वर्तुळात नरभक्षक वाघ होता आणि त्याच्या बाजूला पाय मोडून पडलेली गावातली बिच्छाबाईही होती. रायफल स्वतःच्या नळीची झीज आणि भरलेलं काडतूस पाहून ते वर्तुळ आखायची. गोळी त्याच्या आत कुठेही लागू शकत होती.

"मॅडम, दिवाळीत तर हे टिकलीएवढं होतं ना?" वनरक्षक नागोराव कुमरे कुजबुजला.

"होतं," रायफल रोखून बसलेली वनपाल यशोदा मडावी म्हणाली. जिल्ह्याच्या नेमबाजी स्पर्धेसाठी तिने याच रायफलीवर सराव केला होता. भरपूर दारूची काडतुसं, वेगवान गोळी आणि पहिलं बक्षीस. प्रत्येक गोळीमागच्या तापलेल्या वायूने नळीचं पोलाद आतून खरवडलं होतं.

तिने आता कमी दारूचं काडतूस भरलं; हळू गोळी झिजलेल्या नळीतूनही कमी भरकटते. वर्तुळ आक्रसलं, पण बिच्छाबाईचा खांदा आतच राहिला. वाघ तिच्याकडे एक पाऊल सरकला.

"हवेत बार काढा, पळंल तो."

"काल काढला होता. पळाला नाही."

आणखी जवळ गेलं, तरच वर्तुळात फक्त वाघ मावणार होता. यशोदा उठून चालू लागली.

"मॅडम, पागल झाल्या का तुम्ही!"

ऐंशी पावलं उरली, मग साठ. चाळीसवर तिच्या बुटाखाली वाळलेलं पान वाजलं. वाघाने बिच्छाबाईकडे पाठ फिरवली. आता वर्तुळात तो एकटाच होता, आणि झपाट्याने मोठा होत होता.