हळू आवाजाचं गाणं

"भटू, ध्यान कोठे शे तुनं?" प्रेमराजनं गिटार मध्येच थांबवली.

चोपडा रस्त्यावरच्या, केळी पिकवायच्या एका रिकाम्या खोलीत तिघा भावंडांची तालीम चालली होती. जाड भिंती, घट्ट दार, कुणाला त्रास नको म्हणून. तसा यांचा त्रास तो काय होणार! जॅझ आणि ब्राझीलचं हळू आवाजातलं गाणं एकत्र करून वाजवणारी ही मंडळी. नातेवाईक चिडवायचे, गाता की कानात कुजबुजता? उद्या धुळ्याला पहिला मोठा कार्यक्रम होता, आणि ड्रमवर बसलेला धाकटा भटू पुन्हा चुकला होता.

"चूक व्हयनी, भाऊ," थोरल्याच्या तोंडाकडे बघत तो म्हणाला. "परत लेवूत."

"आते चुकना तर सकाय दुसरा वाजाडणारा बलाई लिसू."

गाणाऱ्या मधल्या बहिणीनं, सुलक्षणानं, चमकून प्रेमराजकडे पाहिलं. ड्रम सोडून भटूला दुसरं काही येत नव्हतं, करायचंही नव्हतं. तिनं भिंतीवर चिकटवलेल्या कागदाकडे तोंड केलं. परक्या भाषेतले शब्द तिनं देवनागरीत उतरवून ठेवले होते. ती वाचत गाऊ लागली आणि दोन ओळींतच भटूचा ठेका घसरला. ती वळली तसा लगेच सावरला.

बरेच दिवस हेच चाललं होतं. ती पाठमोरी असली की तो चुकायचा, समोर असली की नाही. परवा तिनं मागून हाका मारल्या तर यानं वळूनही पाहिलं नव्हतं. तेव्हा ती त्याच्यावर चिडली होती. आता तिला फार भीती वाटली.

"भाऊ, पहिलेपासून लेवूत," ती म्हणाली.

सुरुवातीचं कडवं तिला पाठ होतं. भटूच्या अगदी समोर उभी राहून तिनं पहिली ओळ गायली. पुढच्या ओळींना तिनं नुसतेच ओठ हलवले, गळ्यातून आवाज काढलाच नाही.

प्रेमराजनं दचकून मान वर केली. त्याचा हात तारांवरच थांबला. खोलीत फक्त ड्रमवर फिरणाऱ्या भटूच्या ब्रशांची सळसळ उरली, अगदी अचूक. तिच्या ओठांवरची नजर न हलवता त्यानं कडवं पुरं केलं, शेवटचा ठोका दिला आणि खुशीत हसला.

"अक्का, आज तुना आवाज भलता गोड लागना."