वज्रपंजा कोणत्या क्रमाने वाचावा

"त्या कराटेवाल्याचं नाव जरी काढलंस ना, तर पोहे तसेच टाकून उठेन मी," चांदवडच्या स्टँडवर उतरता उतरता वत्सलाबाईंनी मुलाला पुन्हा बजावलं.

दिनेशने मान हलवली. नाशिकहून निघाल्यापासून तो एवढंच करत होता.

मुलाच्या जमेच्या बाजूला वत्सलाबाईंकडे पुष्कळ काही होतं. ओझरच्या विमान कारखान्यात कायमची नोकरी, सिडकोत स्वतःचं घर, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. नावे एकच बाब होती आणि ती पलंगाखालच्या लोखंडी पेटीत होती. वज्रपंजा कॉमिक्सचे झाडून सगळे अंक. तोंडावर काळी पट्टी, कमरेला लाल पट्टा, एका फटक्यात भिंत पाडणारा वीर. आणि पलंगावर झोपणारा एकोणतीस वर्षांचा.

पेटीवर निभावलं असतं तरी चाललं असतं. पण दिनेशने त्याच्यावर पुस्तक लिहिलं होतं.

त्याचं असं झालं की, भाड्याने कॉमिक्स देणारे नाशिकचे वाचनालयवाले अंक चोरीला जाऊ नयेत म्हणून पाच-पाच एकत्र शिवून टाकत. तेही हाताला लागतील तसे. त्यामुळे वज्रपंजा पहिल्या गोष्टीत मरे, तिसरीत कराटे शिके आणि पाचवीत जन्माला येई. पोरं बिनतक्रार वाचत. दिनेशला ते बघवेना. विमानाचे सुटे भाग तपासणारा माणूस तो. कोणता अंक कशानंतर, कुठे नुसती आठवण, कुठे खरं घडतंय, सगळं त्याने सोळा पानांत लिहून काढलं.

छापलं त्याच्या शाळेपासूनच्या मित्राने, गोटीराम झेरॉक्सवाल्याने.

"लेखक म्हणून कोणाचं नाव टाकू?"

"तुझंच टाक. कारखान्यात कळलं तर माझी लाज जाईल."

"आणि माझी?"

"तुला होती कधी?"

गोटीराम हसला आणि त्याने आपलं नाव टाकलं. पुढे वाचनालयवाल्यांनी त्या झेरॉक्सच्या झेरॉक्स काढल्या. त्या कुठवर गेल्या, कोणी बघायला गेलं नाही.

चांदवडला पोहे झाले, चहा झाला. मुलगी मोहिनी, बालवाडीत शिकवायची. मध्यस्थ पुंजाराममामांनी घसा साफ केला. "आता अठ्ठ्याण्णव साल आहे. दोघांना जरा बोलू द्या." दोघांना गच्चीवर पाठवलं.

"वाचता का काही?" मोहिनीने विचारलं.

"चरित्रं. थोर माणसांची."

"अरे वा!" ती म्हणाली. "आमच्या भावांचं असलं काही नाही हो. त्यांना आपला वज्रपंजा. आणि तो कसा वाचायचा, त्याचंही एक पुस्तक. तुमच्या नाशिकचंच. बघितलंय का कधी?"

दिनेशचे कान तापले. "असेल. दुकानात टांगलेलं बघितलंय."

"त्यात लिहिलंय, आठव्या अंकाआधी अकरावा वाचा. का बरं?"

कारण अकराव्यात गुरू त्याला स्वतःच्या ताटातलं भरवतो. आणि आठव्यात वज्रपंजा ज्या मुखवटेवाल्याला मारतो, तो गुरूच असतो. आधी ताट वाचलं नाही, तर मरणाचं काही वाटत नाही. सगळं जिभेवर आलं होतं. तेवढ्यात खालून वत्सलाबाईंचा खोकला ऐकू आला.

"काही कारण नसेल," दिनेश म्हणाला. "लिहिणारा रिकामटेकडा. दुसरं काय?"

"ओळखता त्याला?"

"गोटीराम ना? आमच्याच गल्लीत दुकान आहे. वय वाढलं, डोकं सातवीतच राहिलं. म्हणून तर कोणी मुलगी दिली नाही अजून."

मोहिनी हसली. हसताना तिच्या गालाला खळी पडली, आणि दिनेशला वाटलं, आपण पास झालो.

परतीच्या गाडीत वत्सलाबाई खुशीत होत्या. "चहात साखर बरोबर आहे का, दोनदा विचारलं तुला. मी बघितलं ना." दिनेश खिडकीबाहेर बघत राहिला. सोळा पानांसाठी त्याने तीन वर्षं घातली होती. त्या पानांना इतकं वाईट आजवर कोणी बोललं नव्हतं. बोलला तो त्यांचा बापच. खळी आठवली की बरं वाटे, आणि लगेच आपण काय बोललो तेही आठवे.

घरी येताच त्याने पेटी उचलली आणि गोटीरामच्या दुकानात नेऊन ठेवली.

"हे काय? बायको यायच्या आधीच घाबरलास?"

"आवडली रे मला ती."

"मग सांगायचंस ना, की मीच लिहिलंय."

"लाज वाटली."

"कशाची? पुस्तकाची?"

गच्चीवर गोटीरामबद्दल काय बोललो, ते दिनेशने सांगितलं नाही. पेटीची किल्ली काउंटरवर ठेवली. "पुस्तकावर नाव तुझं आहे, तूच सांभाळ," एवढं म्हणाला आणि खाली मान घालून निघाला.

रविवारी पुंजाराममामा आले. वत्सलाबाईंनी आधी त्यांच्या हातावर पेढा ठेवला, मग विचारलं, "काय म्हणतात चांदवडकर?"

"माणसं पसंत आहेत. नोकरी, घर, सगळं पसंत."

"मग मुहूर्ताचं बोलूया?"

मामांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली, आणि दिनेशकडे न बघता म्हणाले, "वत्सलाताई, राग मानू नका. तुमच्या गल्लीतला तो गोटीराम झेरॉक्सवाला आपल्यातलाच ना? त्याची पत्रिका मिळेल का? मुलीनेच मागवलीय."