इस्तंबूलचा काठ

काठावरच्या टपरीत चहा पिणारी माणसं दिसली की शिरधनकर खलाशी दर खेपेला तळमळायचा. इस्तंबूलच्या मधून जाणाऱ्या सामुद्रधुनीतून जहाज जायचं, पण थांबायचं कधीच नाही. डेकवरचा गंज खरवडत तो पुटपुटायचा, "एकदा तरी इथं उतरायचंच!"

यंदा इंजिन बिघडलं, जहाज थांबलं आणि दिवसभराची सुट्टी मिळाली. त्याने तडक टपरी गाठली, चहा मागवला आणि गुहागरला बायकोला व्हिडिओ कॉल लावला.

इतक्यात समोरून एक मालवाहू जहाज निघालं. डेकवर कुणीतरी गंज खरवडत होतं. शिरधनकर ताडकन उठून हात हलवू लागला. चहा निवला.

"अहो, जहाज काय दाखवताय?" बायको वैतागली. "मागे वळा, शहर दाखवा!"

"थांब गं," नजर न वळवता तो म्हणाला, "अजून दिसतंय."