भोपळ्याचा भाव

टोरांटो सोडून नवऱ्याच्या बेटावर, ग्रेनाडात राहायला आल्यापासून रोवेनाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दूध, चीज, सफरचंदं बोटीने येतात, महाग असणारच. पण इथल्या मातीतल्या भोपळ्याची फोडसुद्धा बाजारातल्या मिस युडोरा तिला दहा डॉलरला द्यायच्या आणि तिच्या मागच्या बाईला पाचला!

"असंच चाललं तर आम्हाला परत जावं लागेल हो," लेकीला कडेवर घेऊन ती सासूबाईंपाशी रडकुंडीला आली. नात जाणार म्हटल्यावर सासूबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला.

"तू भाव विचारतेस कशी गं?"

"कशी म्हणजे? भोपळा केवढ्याला, अशी."

"आणि त्याच्या आधी काय म्हणतेस?"

"आधी काय म्हणायचं असतं?"

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, गुड मॉर्निंग! इथे कुत्रंसुद्धा शेपूट हलवल्याशिवाय पुढे जात नाही."

दुसऱ्या दिवशी रोवेना बाजारात गेली आणि भोपळ्याकडे न बघता आधी म्हणाली, "गुड मॉर्निंग, मिस युडोरा. बऱ्या आहात ना?"

फोड पाच डॉलरला मिळाली, वर लेकीच्या हातात एक पिकलेला आंबा आला.

"मग इतके दिवस माझ्याकडून दहा का घेत होतात?" रोवेनाने लटक्या रागाने विचारलं.

मिस युडोरा खदखदून हसल्या.

"भोपळ्याचे पाचच होते, पोरी. वरचे पाच, मला भोपळा समजायचीस त्याचे!"