बाळाची भूक

डोहाळजेवणाचे फुलांचे दागिने सुनेच्या अंगावर होते, पण पुरणपोळ्या हौसाबाईच हाणत होत्या.

"पोटुशी सून का सासू?" शेजारीण हसली.

"तुझ्या सासूनं घेतली असती का गं तुझी भूक अंगावर?" हौसाबाईंनी घास चावता चावताच फटकारलं.

पल्लवीचं अंग मुळात भारी. भुकेनं खात गेली तर वजन आणि साखर दोघांच्या जिवावर उठेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. मग बाळाची भूक ओढून घेणारी एक चकती सुनेच्या पोटावर बसली आणि ती भूक झेलणारी दुसरी हौसाबाईंनी हट्टानं आपल्या मानेवर लावून घेतली. तेव्हापासून पल्लवीला ना भूक, ना चव. ती नेमून दिलेलं मुकाट गिळायची. सासू मात्र दिवसभर चरायची.

गाणी ऐन रंगात आली आणि हौसाबाईंची भूक एकाएकी विझली. त्यांनी पल्लवीकडून आरसा मागून मान पाहिली. चकतीचा हिरवा दिवा चालूच होता, म्हणजे ती बिघडली नव्हती.

"आई, आता काय मागतंय हो?" पल्लवीनं विचारलं.

हौसाबाईंनी तोंडातला घास पदरात काढला.

"काही मागत नाही गं. ऊठ, गाडीत बस."