राहिलेला कोर्स

ओतूरच्या एसटी स्टँडसमोर कल्पेशचं मेडिकल आहे. अँटिबायोटिक देताना तो प्रत्येकाला बजावतो, "भाऊ, बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण करा." लोक "व्हय राव" म्हणतात आणि ताप उतरला की गोळ्या विसरतात. सांगून सांगून त्याचं डोकं उठलं होतं.

त्यात आज आईचा, झमकूबाईंचा, रिपोर्ट आला. लघवीच्या इन्फेक्शनवर एकही गोळी लागू पडणार नव्हती.

"आतड्यातलेच जंतू लघवीत उतरलेत, आणि औषधांना दाद न देण्याची जनुकं त्यांनी जमवलीत," डॉक्टर म्हणाले. "फार अँटिबायोटिक्स खाल्लीत यांनी."

"कधी खाल्ली?" कल्पेश उसळला. "वर्षानुवर्षं तिला साधी सर्दी नाही! सूर्यास्ताआधी जेवते, कण वाया जाऊ नये म्हणून ताट धुऊन ते पाणीसुद्धा पिते. तिला कशाला लागतील गोळ्या?"

झमकूबाई खाटेवरून चाचरत म्हणाल्या, "अरे, तू, सूनबाई, पोरं... बरं वाटलं की अर्ध्या गोळ्या तशाच ठेवता. टाकून द्यायच्या म्हणजे पाप.




तुमचे सगळ्यांचे कोर्स मीच तर पूर्ण करते."